यूआरएलमधला एक आकडा बदलला आणि दुसऱ्याची तक्रार उघडली

अंबडचा_पॅनेलवाला · सोमवार, रात्री १०.५०

मंडळी, एरवी मी इथे मिसळीच्या आणि द्वारका चौकातल्या ट्रॅफिकच्या धाग्यांवर टवाळक्या करतो. आज खरंच अडचणीत आहे. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

अंबड एमआयडीसीत आमची कंट्रोल पॅनेल बनवायची कंपनी. माणसं साठेक. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला, पण 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' या गुन्ह्याखाली सर्व्हर, प्रिंटर, सीसीटीव्ही, साहेबांच्या मुलीचा लॅपटॉप, सगळं माझ्याच गळ्यात. पॅनेल विकलं की पुढची पाच वर्षं त्याच्या तक्रारी येत राहतात. त्यासाठी वेबवर चालणारं तिकिटाचं सॉफ्टवेअर आहे. गिऱ्हाईक लॉगिन करतं, तक्रार लिहितं, फोटो जोडतं, तिकीट नंबर पडतो. सर्व्हिस इंजिनिअर ते बंद करेपर्यंतचा सगळा पत्रव्यवहार त्यातच. ओपन सोर्स (फुकट, आतला कोड सगळ्यांना खुला), पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालणारं. २०१६ साली एका मुलाने बसवलं, तो २०१९ ला पुण्याला गेला. तेव्हापासून ते चालू आहे म्हणून चालू आहे.

शनिवारी सिन्नरच्या गिऱ्हाइकाकडच्या मेंटेनन्सवाल्या भाऊंचा फोन आला. "साहेब, जॉबशीट प्रिंट करताना आकडा चुकला, तर चाकणच्या कंपनीची जॉबशीट आली समोर. त्यांचा पीएलसीचा पासवर्ड पण दिसतोय. बघता का जरा?"

बघितलं. (जॉबशीट म्हणजे तिकिटाचा छापील कागद; पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा पॅनेलमधला छोटा कॉम्प्युटर.) प्रिंटच्या पानाच्या पत्त्यात शेवटी 'आयडी=४०८७' असं असतं. तिथे ४०८६ टाकलं की आधीचं तिकीट. ४०८५ टाकलं की त्याच्या आधीचं. लॉगआउट केलं, वायफाय बंद करून मोबाइलवरून तोच पत्ता टाकला. तरी उघडलं. म्हणजे लॉगिनचीही गरज नाही.

मग रात्री बसून आमचीच तिकिटं चोराच्या नजरेने वाचत गेलो. एका तिकिटाला फोटो जोडलाय: पॅनेलचं दार उघडं, दाराच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने एचएमआयचा (मशीन चालवायच्या स्क्रीनचा) पासवर्ड मोठ्या अक्षरांत, त्याच्या शेजारी दसऱ्याच्या पूजेची हळदीकुंकवाची बोटं. दुसऱ्यात आमच्याच इंजिनिअरने लिहिलंय, 'रात्रपाळीला ऑफिसात कोणी नसते, एनीडेस्क चालू ठेवले आहे, आयडी व पासवर्ड खालीलप्रमाणे.' एनीडेस्क म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर. असं पाहत पाहत दोन वाजले, पुढे झोप लागली नाही.

प्रश्न असे. प्रिंटचं पान बंद केलं की भागलं का? हे सगळं क्लाउडवर टाकलेलं बरं का? आणि गिऱ्हाइकांना सांगायचं का? साहेबांचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

---

गोदाकाठ · सोमवार, रात्री ११.१५

आधी ते प्रिंटचं पान सर्व्हरवरून हलवा. आत्ता. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

---

अंबडचा_पॅनेलवाला · सोमवार, रात्री ११.३२

हलवलं. फाइलचं नाव बदलून दुसरीकडे ठेवली. उद्या सकाळी सर्व्हिसवाले जॉबशीटसाठी बोंबलतील ते वेगळं.

---

गोदाकाठ · मंगळवार, सकाळी ७.४०

बोंबलू द्या. आता सविस्तर.

तुम्हाला जे दिसलं त्याला आमच्यात आयडॉर म्हणतात. नाव भारी, चूक बाळबोध. सॉफ्टवेअरने दोन गोष्टी विचारायच्या असतात: तू आत आलायस का, आणि हा कागद तुझा आहे का? बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न विचारतात आणि दुसरा राहतो. तुमच्याकडे दोन्ही राहिलेत. वेब सुरक्षेतल्या चुकांची जी यादी ओवॅस्प ही संस्था काढते, तिच्यात ही जात २०१७ साली पाचवी होती, २०२१ च्या यादीत पहिली आली.

उपाय म्हणून आता कोणीतरी सुचवेल की ४०८७ च्या जागी लांबलचक अगम्य अक्षरं टाका. करा, पण त्याने दुसरा प्रश्न विचारला जात नाही. ती लिंक कोणी व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर टाकली की पुन्हा तेच.

एक शंका येतेय. नावाजलेल्या ओपन सोर्स तिकीट सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनशिवाय उघडणारं प्रिंटचं पान इतकी वर्षं टिकत नाही, कोणी ना कोणी ओरडतंच. ते पान मुळातलं आहे की त्या पुण्याला गेलेल्या मुलाने लिहिलंय?

---

चहा_बिनसाखरेचा · मंगळवार, सकाळी ९.०५

अहो पॅनेलवाले, अंबडमधल्या साठ माणसांच्या कंपनीला कोण हॅक करणार? आणि करून नेणार काय, कॉन्टॅक्टर जळाल्याच्या तक्रारी? पान उडवलंत ना, आता झोपा. इथले आयटीवाले तुम्हाला घाबरवून एखादं ऑडिट गळ्यात मारतील.

---

गोदाकाठ · मंगळवार, सकाळी ९.३०

@चहा, ऑडिट मी करत नाही, त्यामुळे गळ्यात मारायला माझ्याकडे काही नाही.

'कोण करणार' याचं उत्तर: कोणीही माणूस नाही. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकासाठी नवा सर्व्हर उभा केला. डोमेनसुद्धा जोडलं नव्हतं, नुसता आयपी. तासाभरात लॉगमध्ये (सर्व्हरवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधणाऱ्या विनंत्या दिसायला लागल्या. त्या सर्व्हरवर वर्डप्रेस नव्हतंच. हे बॉट दारोदार कडी वाजवत फिरतात, घर कोणाचं ते बघत नाहीत.

---

टेस्टरबाई · मंगळवार, दुपारी १.१०

डबा खाता खाता लिहितेय, टायपो सांभाळून घ्या. मी चौदा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, सध्या इंदिरानगरमधून घरूनच काम. माझा सगळा दिवस या तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्येच जातो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

चहासाहेब, 'तक्रारी नेऊन करणार काय' याचं उत्तर मोझिलाला विचारा. फायरफॉक्सवाले मोझिला. बग नोंदवायचं त्यांचं सॉफ्टवेअर, बगझिला, हे सगळ्यांना बघता येणारं, पण सुरक्षेचे बग तेवढे कुलपात. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कुलपातलं वाचायची परवानगी असलेल्या एकाच्या खात्यातून कोणीतरी निदान वर्षभर वाचत बसलं होतं. १८५ गुप्त बग त्याने पाहिले, त्यातले ५३ गंभीर. त्यातल्या एका बगचा वापर फायरफॉक्सवाल्यांवर हल्ला करायला झालाही, असं मोझिलानेच म्हटलंय. आणि तो आत शिरला कसा? त्या माणसाने तोच पासवर्ड दुसऱ्या एका साइटवर वापरला होता, ती साइट फुटली. बगझिलात भोक नव्हतंच.

चोराला तुमचं घर फोडायचंय, आणि कुठली खिडकी नीट लागत नाही याची वही तुम्हीच लिहून ठेवलीय. तिकिटाचं सॉफ्टवेअर म्हणजे ती वही. पॅनेलवाल्यांच्या वहीत तर गिऱ्हाइकांच्या खिडक्यासुद्धा आहेत.

दुसरी गोष्ट मला पाठ आहे, कारण टीममध्ये नवीन मूल आलं की मी हीच सांगते. एप्रिल २०१०, अपाचे फाउंडेशन, ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणारी संस्था. त्यांच्या जिरामध्ये, म्हणजे तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणीतरी साधं तिकीट टाकलं: काही प्रकल्प बघताना एरर येतेय, ही लिंक बघा. लिंक टायनीयूआरएलने लहान केलेली. अ‍ॅडमिन लोकांचं कामच तिकिटातल्या लिंका उघडायचं, त्यांनी उघडली. ती लिंक जिरामधल्याच एका भोकातून त्यांच्या ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालवत होती. सेशनची कुकी गेली, म्हणजे पासवर्ड न कळताही त्यांच्या नावाने आत शिरायची सोय झाली. शिवाय दुसऱ्या बाजूने लॉगिनच्या पानावर लाखो पासवर्ड आपटणं चालूच होतं. यातलं एक काहीतरी लागू पडलं.

इथून पुढचं नीट वाचा. जिराचा अ‍ॅडमिन झाल्यावर त्याने केलं काय, तर अटॅचमेंट जिथे साठतात तो फोल्डर बदलला. असा फोल्डर दिला की जिथे ठेवलेली जेएसपी (आत प्रोग्राम असलेली) फाइल सर्व्हर नुसती साठवत नाही, चालवतो. मग नवीन तिकिटं टाकून त्यांना अटॅचमेंट जोडली, आणि त्या अटॅचमेंटमधूनच सर्व्हरवरच्या फाइली चाळायला लागला. काही दिवसांनी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाचा पासवर्ड टिपणारा तुकडा बसवला, आणि अपाचेच्या लोकांना 'पासवर्ड रीसेट' ची मेल पाठवली. मेल खरोखर जिराकडूनच आली होती. लोकांना वाटलं जिरा गंडलंय. आत गेले आणि आपला नेहमीचा पासवर्ड परत टाकून आले. त्यातल्या एकाचा तोच पासवर्ड सर्व्हरवरच्या खात्यालाही होता, आणि त्या खात्याला सगळे अधिकार. तिकिटातल्या एका लिंकपासून अख्खं मशीन.

अपाचेने हे सगळं स्वतःहून, तपशीलवार जाहीर केलं, म्हणून मला माहीत आहे. झाकली मूठवाल्या साहेबांना हेही सांगा.

---

द्राक्षबाग · मंगळवार, दुपारी ३.४५

वाचतोय. डोक्यावरून चाललंय पण सोडवत नाही.

आमचं दिंडोरी बाजूला पॅकहाउस आहे. कंटेनर गेला की परदेशातला खरेदीदार तक्रार टाकतो, मणी गळाले, साखर कमी, पेटी ओली. तेही असंच तिकीट. सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्याचं, कुठल्याशा क्लाउडवर. म्हणजे आम्ही सुटलो का? का आमच्या पेट्यांचे फोटो पण कोणी बघतंय?

---

जावक_क्रमांक · मंगळवार, सायंकाळी ५.२०

नमस्कार. मी निवृत्त आहे. तांत्रिक ज्ञान शून्य. एका सरकारी कार्यालयात ३४ वर्षे होतो, त्यातली बरीच आवक-जावक टेबलावर.

आमच्याकडे गोपनीय पत्राचा विषय जावक नोंदवहीत लिहीत नसत. विषयाच्या रकान्यात नुसते 'गोपनीय' आणि क्रमांक. लखोटे दोन. आतल्या लखोट्यावर 'गोपनीय' असा शिक्का, बाहेरचा लखोटा साधा, त्यावर फक्त पत्ता. वाटेत हाताळणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता लागू नये म्हणून. नोंदवही टेबलावर उघडी पडलेली असायची, शिपायापासून अभ्यागतापर्यंत कोणीही पाहू शके. पण पाहून मिळायचे काही नाही.

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवही आणि लखोटा एकच झालेले दिसतात. चुकत असल्यास क्षमस्व.

---

टेस्टरबाई · मंगळवार, सायंकाळी ५.४०

काका, चुकत तर नाहीच. हे आमच्या पुढच्या ट्रेनिंगमध्ये तुमच्या परवानगीने वापरणार.

पॅनेलवाले, काकांच्या बाहेरच्या लखोट्यावरून आठवलं. तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक उत्तरागणिक सगळ्यांना मेल पाठवत असेल. त्या मेलमध्ये उत्तराचा अख्खा मजकूर जातो की नुसतं 'तिकिटावर नवीन उत्तर आहे'? अख्खा जात असेल तर ते एनीडेस्कचे पासवर्ड सीसीमधल्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये, कंपनी सोडून गेलेल्यांच्यासुद्धा, पडून आहेत.

---

अंबडचा_पॅनेलवाला · मंगळवार, रात्री ९.५५

अख्खा जातो. चला, आणखी एक.

@गोदाकाठ, तुमची शंका खरी ठरली. प्रिंटचं पान मुळातलं नाही. त्या मुलाने स्वतः लिहिलेली दीडशे ओळींची फाइल आहे. वर कॉमेंट: 'तात्पुरते, नंतर लॉगिन जोडणे.' तारीख मार्च २०१७.

आणि आता ते सॉफ्टवेअर आम्ही कधीच अपडेट का केलं नाही हेही उलगडलं. सर्व्हिस विभागाची ठाम समजूत आहे की 'अपडेट केलं की प्रिंट जाते'. २०१८ ला एकदा खरंच गेली होती म्हणे, आणि जॉबशीटवर कंपनीच्या लोगोसकट सही घेतल्याशिवाय गिऱ्हाईक बिल पास करत नाही. मग त्या मुलाने जुनी आवृत्ती परत टाकली, आणि त्यानंतर कोणी हात लावला नाही. खाली पीएचपी ५.६ आहे.

त्या मुलाला शिव्या घालायला बसलो होतो, पण त्याने ती फाइल लिहिली तेव्हा शेजारी उभा राहून 'आज संध्याकाळपर्यंत पाहिजे' म्हणणारा मीच होतो, हे आठवलं.

---

गोदाकाठ · मंगळवार, रात्री १०.४०

पीएचपी ५.६ चा सुरक्षेचा आधार ३१ डिसेंबर २०१८ ला संपला. त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भोक तुमच्याकडे तसंच.

मुळातली सॉफ्टवेअरं तरी धुतल्या तांदळासारखी असतात असं नाही, म्हणून अपडेट लागतात. मँटिस या तिकीट सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या, २०१७ चंच. पासवर्ड विसरलात की मेलवर एक खुणेची लिंक येते, त्या खुणेवरून सॉफ्टवेअर तुम्हाला ओळखतं. आवृत्ती २.३.० पर्यंत असं होतं की ती खूण रिकामी पाठवली तरी चालायची. कोणाचाही पासवर्ड बदला, अ‍ॅडमिनचासुद्धा. भोकांच्या जाहीर यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१७-७६१५. पॅच, म्हणजे दुरुस्ती, लगेच आला. पण 'अपडेट केलं की प्रिंट जाते' वाल्यांना तो पोचला नसणार.

आणि उद्या हे नक्की तपासा: अटॅचमेंटचा फोल्डर. टेस्टरबाईंनी अपाचेचं सांगितलं तेच तुमच्याकडे पीएचपीचं होऊ शकतं. त्या फोल्डरमध्ये स्वतःच दोन ओळींची पीएचपी फाइल ठेवा, सात अधिक पाच किती एवढंच छापणारी, आणि ब्राउझरमधून उघडा. मजकूर जसाच्या तसा दिसला किंवा फाइल डाउनलोड झाली तर ठीक. स्क्रीनवर १२ आले तर तुमचा फोल्डर फाइली चालवतोय, म्हणजे फोटोच्या जागी कोणी दुसरं काही जोडलं तर तेही चालवेल. बघून झाल्यावर फाइल उडवायला विसरू नका.

फोटोंमध्येही एसव्हीजी नावाचा प्रकार असतो. तो चित्र दिसतो, पण आत मजकूरच असतो आणि त्यात स्क्रिप्ट बसते. जेपीजी, पीएनजी आणि पीडीएफ एवढंच घ्या. आणि अटॅचमेंट ब्राउझरमध्ये उघडू न देता थेट डाउनलोडला पाठवा.

@द्राक्षबाग, दादा, क्लाउडवर पॅचची काळजी तुमची नाही, हा मोठाच फायदा. पॅकहाउसमध्ये रात्री बसून सर्व्हर कोण बघणार? पण अक्कल भाड्याने मिळत नाही. २०१७ साली बेल्जियमच्या इंटी दे क्यूकेलेअर या संशोधकाने एक गंमत दाखवली. बऱ्याच कंपन्यांचं अंतर्गत गप्पांचं सॉफ्टवेअर, स्लॅक, कंपनीच्या डोमेनचा ईमेल असला की आत घेतं. आता, सपोर्टचा पत्ता कंपनीच्याच डोमेनवर असतो आणि त्यावर आलेली मेल तिकीट बनून पोर्टलवर दिसते. याने सपोर्टच्या पत्त्याने नाव नोंदवलं, खात्रीची मेल सपोर्टकडे गेली, तिचं तिकीट बनलं, आणि ते तिकीट याला वाचता येईल अशी तजवीज करून ठेवली होती. झाला आत. सॉफ्टवेअर दोन्हीकडचं आपापलं काम बरोबर करत होतं.

२०२४ ला एका १५ वर्षांच्या मुलाने झेंडेस्क या क्लाउडवरच्या तिकीट सॉफ्टवेअरवर असंच काहीसं दाखवलं. तक्रारदाराच्या नावाने खोटी मेल तिकिटाला पाठवायची आणि सीसीमध्ये स्वतःचा पत्ता टाकायचा. सॉफ्टवेअर त्याला तिकिटात सामील करून घ्यायचं, मागच्या सगळ्या पत्रव्यवहारासकट. मेलवरचं 'प्रेषक' नाव पोस्टकार्डावरच्या नावासारखं असतं, कोणीही कोणाचंही लिहू शकतं. तुमच्या विक्रेत्याला एवढंच विचारा: मेलवरून सीसीमध्ये आलेला नवा माणूस आपोआप तिकिटात शिरतो का?

---

चहा_बिनसाखरेचा · मंगळवार, रात्री ११.०२

पोस्टकार्डाची उपमा आवडली. मत बदललेलं नाही, पण वाचतोय.

---

कॉलेजरोड_कट्टा · बुधवार, दुपारी १२.१५

भारी धागा. मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. हे वाचून काल रात्री दोन-तीन ठिकाणच्या तक्रारींच्या पोर्टलवर नंबर बदलून बघितला. एका ठिकाणी चक्क दुसऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, पत्ते आले. पन्नासेक तिकिटं डाउनलोड करणारी स्क्रिप्ट पण लिहिली, प्रूफ म्हणून. स्क्रीनशॉट इथे टाकू का?

---

टेस्टरबाई · बुधवार, दुपारी १२.२२

टाकू नकोस. आणि ती स्क्रिप्ट थांबव.

बाळा, ओरडत नाहीये, पण नीट ऐक. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममधून डेटा उतरवणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि लबाडीने केलं असं ठरलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'प्रूफ म्हणून' हे तुझ्या मनात आहे. त्यांच्या लॉगमध्ये फक्त पन्नास डाउनलोड आणि तुझा आयपी आहे.

सिन्नरच्या भाऊंनी काय केलं बघ. चुकून एक दिसलं, फोन केला, विषय संपला. एक पुरावा पुरतो. आता उतरवलेलं सगळं पुसून टाक, कोणाला पाठवू नकोस, आणि त्या पोर्टलवाल्यांना काय दिसलं ते साध्या शब्दांत कळव. दाद देत नसतील तर सर्ट-इन म्हणून केंद्र सरकारची यंत्रणा आहे, अशा भोकांची माहिती ते घेतात.

---

कॉलेजरोड_कट्टा · बुधवार, दुपारी १२.४०

पुसलं ताई. खरंच माहीत नव्हतं. मेल ड्राफ्ट करतो, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का आधी?

---

टेस्टरबाई · बुधवार, दुपारी १२.४३

कर.

---

अंबडचा_पॅनेलवाला · गुरुवार, रात्री ११.२०

दोन दिवस लॉग वाचत होतो. सांगतो.

आमच्या उबंटू सर्व्हरवर अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरचे लॉग जसे आले तसे सोडले तर रोज नवी फाइल होते आणि चौदा ठेवून बाकीच्या उडतात. म्हणजे माझ्याकडे १४ दिवसांचा इतिहास. भोक मार्च २०१७ पासूनचं. एका ओळखीच्या सीएकडून कळलं की सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. आम्ही सहा तासांत साहेबांना चहा पाजत होतो. काल उशिराने कळवलं.

त्या १४ दिवसांत प्रिंटच्या पानावर सिन्नरच्या भाऊंच्या विनंत्या आहेत, आमच्या इंजिनिअरच्या आहेत, आणि तिसरं म्हणजे एका सर्च इंजिनचा क्रॉलर, वेबवरची पानं वाचत फिरणारा प्रोग्राम. तो पद्धतशीर एकेक तिकीट वाचत गेलाय. आधी कळेना, त्याला नंबर कोणी सांगितले? मग पानाचा सोर्स उघडला. त्या मुलाने 'मागील' आणि 'पुढील' अशी बटणं केली होती. छापताना ती कागदावर येत होती म्हणून त्याने ती लपवली. काढली नाहीत, नुसती लपवली. माणसाला दिसत नाहीत, क्रॉलरला दिसतात. एका गिऱ्हाइकाने कधीतरी आपल्या वेबसाइटवर 'मशीन नूतनीकरण' म्हणून एका जॉबशीटची लिंक टाकलेली आहे. क्रॉलर तिथून आत आला आणि पुढील, पुढील, पुढील करत माळेसारखा ओढत गेला.

सर्चमध्ये आमच्या डोमेनचं नाव टाकून पाहिलं. दोनशेच्या वर जॉबशीट सापडतात. पहिल्याच निकालाच्या खाली दोन ओळींचा उतारा दिसतो, त्यात 'एनीडेस्क चालू ठेवले आहे'.

हे साहेबांना त्यांच्याच मोबाइलवर दाखवलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, यादी काढ, मी स्वतः फोन करतो. मूठ उघडली.

---

गोदाकाठ · गुरुवार, रात्री ११.४८

घाईत रोबॉट्स फाइलमध्ये (क्रॉलरने काय वाचू नये ते सांगणाऱ्या) त्या पानाला बंदी घालू नका, सगळे हेच करतात. ती फाइल कोणीही वाचू शकतं, म्हणजे 'इथे बघू नका' अशी पाटी लावून जागा दाखवल्यासारखं होतं. शिवाय क्रॉलरला आत येऊ दिलं नाही तर पान गेलंय हे त्याला कळणार कसं? जुन्या पत्त्यांवरून सरळ 'नाही' हे उत्तर येऊ द्या, म्हणजे 'पान कायमचं गेलं' सांगणारा ४१० चा कोड. आणि गूगलच्या सर्च कन्सोलमधून काढून टाकायची विनंती करा. ती साधारण सहा महिने टिकते, तोवर ४१० आपलं काम करेल.

आणि जे पासवर्ड तिथे दिसले ते गेले असं धरा. 'बहुधा कोणी पाहिले नसतील' हे चौदा दिवसांच्या लॉगवरून म्हणता येत नाही.

अटॅचमेंटचं काय झालं? बारा आले का?

---

अंबडचा_पॅनेलवाला · गुरुवार, रात्री ११.५५

आले.

---

चहा_बिनसाखरेचा · शुक्रवार, सकाळी ८.१०

पॅनेलवाले, मी अंबडमध्येच आहे, तुमच्यापासून तीन गल्ल्या. आमच्याकडेही असंच एक सॉफ्टवेअर आहे. काल रात्री ती सात अधिक पाचवाली फाइल ठेवून पाहिली. उत्तर सांगत नाही. गोदाकाठ, व्यनि केलाय.

---

द्राक्षबाग · शुक्रवार, सकाळी ११.३०

विक्रेत्याला फोन केला. सीसीचं विचारलं. म्हणाला, "सर, असा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही." दोन दिवस मागितलेत. सीझनच्या तोंडावर दोन दिवस म्हणजे किती, ते आम्हाला माहीत आहे.

---

अंबडचा_पॅनेलवाला · पुढचा बुधवार, रात्री १०.०५

शेवटचं अपडेट, मग धागा तुमच्या हवाली.

सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर नव्या आवृत्तीत गेलं. प्रिंट गेली नाही. गोदाकाठच्या ओळखीतल्या एका मुलीने जॉबशीट त्या सॉफ्टवेअरच्याच प्लगइनच्या पद्धतीने लिहून दिली, म्हणजे पुढच्या अपडेटला पुसली जाणार नाही. तिकीट कोणाचं हे ती आधी विचारते, मी मुद्दाम चाकणच्या लॉगिनने सिन्नरचं मागून पाहिलं, दार आपटलं तोंडावर. बरं वाटलं. अटॅचमेंट वेबच्या फोल्डरबाहेर हलवल्या. कर्मचाऱ्यांचं लॉगिन व्हीपीएनच्या आत घेतलं, पासवर्डाशिवाय वर ओटीपीही लावला. मेलमध्ये आता नुसतं 'नवीन उत्तर आहे' जातं, काकांचा बाहेरचा लखोटा. यावर सर्व्हिसवाले नाराज आहेत, त्यांना मोबाइलवर एका नजरेत सगळं वाचायची सवय होती. त्यांचंही चूक नाही, पॅनेलसमोर उभं राहून ओटीपी टाकणं कटकटीचंच आहे. तो वाद चालू आहे.

साहेबांनी खरंच सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. दोघांनी झापलं. एकाने पुढची ऑर्डर थांबवली आहे. बाकीच्यांनी 'बरं, बदलतो' म्हटलं.

सिन्नरच्या भाऊंना मी स्वतः फोन केला, आभार मानले आणि म्हटलं, तुमच्याही एचएमआयचा पासवर्ड बदला, तिकिटात फोटो होता. म्हणाले, लगेच करतो साहेब. केलाही. अर्ध्या तासात नवीन तिकीट आलं, क्रमांक ४१३२: 'आपल्या सूचनेनुसार पासवर्ड बदलला आहे. नवीन पासवर्ड खालीलप्रमाणे. कृपया नोंद घ्यावी.'

---

टेस्टरबाई · बुधवार, रात्री १०.११

फोटो जोडलाय?

---

अंबडचा_पॅनेलवाला · बुधवार, रात्री १०.१२

जोडलाय. मार्कर या वेळी लाल आहे.